अपवादाचा किनारा

लाल पेन्सिल कागदावरून उचलली, तेव्हा आपण काय लिहून बसलो आहोत हे हेमचंद्रच्या लक्षात आलं. जानेवारीतला शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा झाले असतील. बर दुबईतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मंजुषाने महिनाभर खपून काढलेला आलेख-कागद पसरलेला होता. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून तिने त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, चष्म्याचं घर, रिमोट आणि एक रिकामी वाटी अशी वजनं ठेवली होती. "मी भाजी आणि देवळाच्या गल्लीतून फुलं घेऊन येते, तोवर एवढं तपासून ठेवा," असं सांगून ती खाली गेली होती; आणि चपला घालता घालता वळून म्हणाली होती, "ऑफिसात तपासायचात तसंच हं. बायकोचं आहे म्हणून सोडून देऊ नका." त्याने सोडलं नव्हतं. स्पेनच्या आग्नेय टोकाचा तो किनारा तिने निळ्या शाईने रेखला होता, गावं ठिपक्यांनी दाखवली होती आणि ठिपक्या-ठिपक्यांमध्ये वाहन, अंतर, वेळ असं सुवाच्य अक्षरात भरलं होतं. त्यातल्या एका रेघेवर तिने लिहिलं होतं, 'सान होसे ते दीपगृह, टॅक्सी, २० मिनिटे.' हेमचंद्रने त्यावर एक सरळ आडवी काट मारली होती आणि वर, तंत्रनिकेतनात गिरवलेल्या उभ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'रस्ता बुरुजाच्या खिंडीत बंद. साखळी लावलेली. पुढे पायी ५० मि. पश्चिमेचा वारा समोरून.' खाली तारीख आणि आद्याक्षरं.

घरातल्या सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे तो तिथे कधीही गेलेला नव्हता.

अडतीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आधी मुंबईत, मग एकोणीसशे ब्याऐंशीपासून इथे, दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासायची. पिवळी पेन्सिल आणि लाल पेन्सिल. जो आकडा बरोबर तो पिवळ्याने झाकायचा, जो चूक तो लालने काटून वर बरोबर लिहायचा, आणि कागदावरची एकही खूण अशी राहू द्यायची नाही की जिच्यावरून पेन्सिल फिरलेली नाही. तपासलेल्या प्रतीला रबर लावायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. तंत्रनिकेतनातले त्याचे सर वर्गात रबर दिसलं की खिडकीतून फेकून देत आणि म्हणत, खोडणारा माणूस तपासनीस होऊ शकत नाही, फार तर गुन्हेगार होईल. ती सवय अशी अंगात मुरली होती की हॉटेलचं मेनूकार्ड हातात आलं तरी त्याचा अंगठा आणि तर्जनी पेन्सिल शोधत. आज पेन्सिली होत्या आणि कागद होता. पंधरा ओळी पिवळ्या झाल्या, सोळावी आली, हाताने ती वाचली, हाताला ती चूक दिसली आणि हाताने ती दुरुस्त केली. डोक्याला कोणी विचारलंच नाही. डोकं त्या वेळी खिडकीबाहेर होतं, खाडी ओलांडणाऱ्या अब्रा-होडीच्या इंजिनाच्या ठोक्यांमागे कुठेतरी, आणि त्या ठोक्यांतून त्याला तो वारा ऐकू येत होता.

तो किनारा मंजुषाचा होता. हे घरात सगळ्यांना मान्य होतं, जसं एखाद्या खुर्चीचं असतं. इथल्या भारतीय शाळेत तिने बावीस वर्षं भूगोल शिकवला. नववीला भूमध्यसागरी हवामानाचा धडा होता, कोरडे उन्हाळे आणि पावसाळी हिवाळे, द्राक्षं, ऑलिव्ह, संत्री. दर वर्षी तोच धडा, आणि समोर बसलेली, पाऊस वर्षातून दोनदा पाहणारी, एसीत वाढलेली मुलं. एके वर्षी कुणा मुलीने विचारलं, "मॅम, इज देअर एनी एक्सेप्शन?" त्या प्रश्नापायी मंजुषा शाळेच्या लायब्ररीत गेली आणि जाडजूड विश्वकोशाच्या तळटिपेत तिला तो सापडला: आल्मेरियाच्या पूर्वेचा किनारा, काबो दे गाता, जिथे हिवाळ्यातही पाऊस जवळजवळ येत नाही, युरोपातला सगळ्यात कोरडा कोपरा. त्या रात्रीच्या जेवणात ती तेवढंच बोलत होती. "अहो, म्हणजे आपल्यासारखंच वाळवंट, आणि आपल्यासारखाच समुद्र. पण तिथले लोक नोकरीला आलेले नाहीत हो. तिथलेच आहेत." त्यानंतर वर्षानुवर्षं ती त्या किनाऱ्याविषयी जिथे मिळेल तिथून गोळा करत राहिली. मासिकांची पानं, दूतावासातून मागवलेली पत्रकं, एका विद्यार्थ्याच्या बापाने माद्रिदहून आणलेला नकाशा. काळा ज्वालामुखीचा खडक, मिठागरं, घायपाताची शेतं, पांढरी घरं. तिला तो न पाहता इतका पाठ झाला होता की कोणी खोरफक्कानच्या किनाऱ्यावर सहलीला निघालं तरी ती म्हणे, "ही आपली रंगीत तालीम."

आणि सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये कंपनीने हेमचंद्रला आल्मेरियाला पाठवलं. जबल अलीला समुद्राचं पाणी गोडं करणारा नवा संच बसत होता. त्याच्या मोठाल्या झडपा आल्मेरियाबाहेरच्या एका कारखान्यात तयार होत होत्या, त्यांची चाचणी पाहून सही करायची होती. नऊ दिवस. मंजुषाने त्याच क्षणी शाळेत रजेचा अर्ज टाकला. पण तिचा पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात होता, तिथून तो व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेलेला होता, आणि ऑफिसातला माणूस रोज सांगत होता, "इन्शाल्ला, मॅडम, बुकरा," उद्या. तो उद्या हेमचंद्रचं विमान उडेपर्यंत आला नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या बॅगेत खाकऱ्याची पाकिटं भरता भरता, मान वर न करता म्हटलं होतं, "कारखाना शहरातच आहे ना?" "शहराबाहेर. पण किनाऱ्याच्या उलट बाजूला." "मग जाऊ नका हं तिकडे. म्हणजे... माझ्याशिवाय नका जाऊ. आपण दोघं जाऊ तेव्हा जाऊ." तिने हसून म्हटलं होतं, पण खाकऱ्याचं पाकीट दोनदा आत ठेवून दोनदा बाहेर काढलं होतं. "अगं, वेळ कुठे मिळणार आहे," तो म्हणाला होता, आणि तेव्हा ते खरं होतं.

शुक्रवारी दुपारी कागदांवर सह्या झाल्या. चाचणी पहिल्याच खेपेला पार पडली होती, एकाही झडपेतून थेंब गळला नव्हता. परतीचं विमान मंगळवारचं होतं; पण काम लवकर संपलं तर आधीच येईन, असं तो घरी सांगून आला होता. शनिवारचं मिळालं असतं, एक फोन करायचा होता. तो फोनच्या काचेच्या खोक्यात उभा राहिला, नाणी टाकली आणि एअरलाइनच्या नंबराऐवजी घरचा नंबर फिरवला. "काम लांबलंय," तो म्हणाला. "पुन्हा टेस्ट घेतायत." "काही पाहायला मिळालं का हो?" "छे. फॅक्टरी आणि हॉटेल." हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याने काहीच ठरवलेलं नव्हतं. नंतर कितीदा तरी त्याने आठवून पाहिलं होतं, क्रमाने, पायरी पायरीने, अपघाताची चौकशी करावी तसं. पण ज्या क्षणी निर्णय झाला तो क्षण त्याला कधी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नुसती गावांची नावं वाचायला बसस्टँडवर गेला. सान होसेची बस उभी होती. तिचं दार उघडं होतं. पुढच्या आठवणीत तो खिडकीशी बसलेला होता, आणि बाहेर प्लॅस्टिकने झाकलेल्या भाज्यांचे मळे एखाद्या पांढऱ्या, हलत्या पाण्यासारखे मागे सरकत होते.

त्या तीन दिवसांत काय झालं हे सांगायला बसलं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तो चालला. पहिल्या दिवशी गावामागच्या पवनचक्कीवरून खाली उतरून एका अर्धगोल उपसागराशी गेला, जिथे किनाऱ्याला एकही इमारत नव्हती. घायपाताचे वाळलेले दांडे माणसापेक्षा तिप्पट उंच उभे होते, दिव्याच्या खांबांसारखे, फक्त दिवे नसलेले. पुढच्या किनाऱ्यावर काळा लाव्हा समुद्राकडे झुकून थिजलेला होता, खाली पोकळ, जणू लाट फुटायच्या आत कोणीतरी तिला थांबायला सांगितलं होतं. त्याच्या सावलीत तो बसला आणि खाकरा खाल्ला. वाळू जाड होती, पायाला टोचणारी, राखाडी. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या कोळ्यांच्या वस्तीत गेला. खडकाच्या पाठीवर पंधरावीस पांढरी घरं, दारात जाळी विणत बसलेला म्हातारा, ज्याने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा जाळीत घातली. तिथून आत, सोन्याच्या बंद पडलेल्या खाणीपर्यंत. तिसऱ्या दिवशी खिंडीतून दीपगृहाकडे, साखळी ओलांडून, समोरून वारा घेत, आणि उतरून मिठागरांपर्यंत. खोली देणाऱ्या बाईशी तो हातवाऱ्यांनी बोलला. बाकी कोणाशी नाही. तीन दिवस त्याने कोणाला काही समजावून सांगितलं नाही, कोणाचं काही तपासलं नाही. चूक दिसली नाही, बरोबर दिसलं नाही, नुसतं दिसलं. एका क्षणी, खडकावर बसलेलं असताना, त्याला आपले हात दिसले, मांडीवर उलटे पडलेले, आणि ते कोणा दुसऱ्याचे, थोड्या तरुण माणसाचे असावेत असं वाटलं. त्याला सुख वाटलं होतं. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात इतकं निर्मळ, कारण नसलेलं सुख त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि ते वाटायला तिथे मंजू लागली नव्हती. हे त्याला गेली सहा वर्षं गिळता आलं नव्हतं. किनारा चोरला ही गोष्ट त्याने केव्हाच स्वतःशी कबूल केली होती. चोरीत मजा आली, आणि ज्याची वस्तू त्याची आठवणही जवळजवळ झाली नाही, ही गोष्ट मात्र घशाशी अडकून राहिली होती.

परतण्याआधी त्याने हॉटेलच्या टबात बूट धुतले होते. शिवणीत अडकलेले कण काडेपेटीच्या काडीने काढले होते. तपासनिसाने पुरावा नष्ट केला होता. दुबईच्या विमानतळावर मंजुषा आणि कॉलेजात जाणारी ओवी उभ्या होत्या. मंजुषाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटलं होतं, "किती काळवंडलात! कारखान्याला छप्पर नाही का हो?" आणि ओवी म्हणाली होती, "बाबा, यू लुक नाइस." त्यानंतर झडपा जहाजाने आल्या, जबल अलीला बसल्या, आणि तेव्हापासून त्या सहीच्या झडपांतून गेलेलं पाणी घरच्या नळाला येत असणार असा विचार त्याच्या मनात अधूनमधून येई. मंजुषा ओट्याशी उभी राहून घटाघट पाणी पिई, तेव्हा तो पेपर वर धरी.

एकदा तर सगळं उघड होता होता राहिलं. दोन हजार सालच्या थंडीत ते दोघं दिब्ब्याहून खाली खोरफक्कानला आले होते, डोंगर थेट समुद्रात उतरतो त्या बाजूला. मंजुषाने चपला हातात घेतल्या होत्या, साडीच्या निऱ्या वर खोचल्या होत्या. मूठभर वाळू उचलून तिने ती बोटांतून सोडली. "तिकडे अशीच असेल का हो?" आणि हेमचंद्रच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही, तिथली जाड आहे, राखाडी, पायाला टोचते. त्याने ओठ मिटून घेतले. लाट आली, तिच्या पायांभोवतीची वाळू घेऊन गेली, ती जरा डगमगली आणि तिने त्याचा दंड धरला. "असेल," तो म्हणाला. त्या एका शब्दासाठी त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे अख्खी वाक्यं बोलायलाही पडत नाहीत.

आता हा कागद. डिसेंबरअखेर तो निवृत्त झाला होता. साठ झाल्यावर इथला व्हिसा फार दिवस टिकत नाही. एप्रिलमध्ये स्पेन, मे महिन्यात कायमचं पुणं, असं मंजुषाने आखलं होतं. दहा दिवस. त्या दहा दिवसांत पवनचक्कीवरून वळताना पहिल्यांदा पाहिल्यासारखं थांबायचं, काळ्या खडकापाशी 'अरेच्चा' म्हणायचं, याची उजळणी त्याने गेल्या महिन्यात मनातल्या मनात केली होती. जमेल असं त्याला वाटत होतं. आणि हाताने चार तुटक वाक्यांत सगळा बेत उधळून टाकला. त्याने शक्यता मांडून पाहिल्या. पहिली: वाटी उलटल्याचं निमित्त करून तिथे तेल सांडायचं. पण महिन्याचं काम, तिचं. दुसरी: कोणा स्पॅनिश सहकाऱ्याने सांगितलं म्हणायचं. मग मंजुषा त्या सहकाऱ्याला भेटायचंच म्हणेल. तिसरी... तिसरी सुचण्याआधी ओवीच्या खोलीचं दार उघडलं.

ओवी आता पंचवीसची होती, मीडिया सिटीत नोकरी करत होती आणि शुक्रवारी अकराच्या आत उठणं हा आपल्यावरचा अन्याय समजत होती. कॉफीचा मग हातात घेऊन ती टेबलाशी आली.

"ओ वाव. यू अ‍ॅक्चुअली करेक्टेड आईज् होमवर्क."

"तिनेच सांगितलं."

"शी वॉज बीइंग पोलाइट, बाबा." तिने वाकून वाचायला सुरुवात केली. तिचं मराठी वाचन शाळेत तिसरी भाषा म्हणून घेतलेलं, अडखळत चालणारं. "रस्ता... बुरु... बुरुजाच्या खिंडीत बंद. साखळी. पश्चिमेचा वारा समोरून." ती थांबली. "हाउ डू यू नो अबाउट द वारा?"

हेमचंद्रने पिवळ्या पेन्सिलीचं टोक बोटाने पाहिलं.

"नेटवर मिळालं का?" तिने स्वतःच विचारलं, आणि त्या प्रश्नाने त्याच्यासमोर तिसरी शक्यता ताटात वाढून ठेवली.

"हं," तो म्हणाला.

"कूल. देअर आर पीपल हू राइट अबाउट एव्हरीथिंग." ती कॉफी घेऊन खुर्चीत बसली. इतकं सोपं होतं. खालच्या मशिदीतून जुम्म्याआधीचा कुराणपाठ सुरू झाला होता, तो आवाज खिडकीच्या काचेतून गाळून येत होता, आणि हेमचंद्रला एकदम फार थकवा वाटला, लांबचं चालून आल्यावर येतो तसा, पोटऱ्यांतून वर चढणारा.

मंजुषा आली ती धापा टाकत. लिफ्ट बंद होती. "तो वॉचमन म्हणतो यल्ला यल्ला, दोन मिनिट मॅडम. त्याची दोन मिनिटं मला गेली वीस वर्षं माहीत आहेत." तिने भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या, फुलांची पुडी फ्रिजवर ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि टेबलाशी येऊन चष्मा लावला. पिवळ्या ओळींवरून तिची नजर खुशीत खाली सरकत गेली. मग लालवर थांबली.

"एकच चूक!" ती म्हणाली. "बघितलंस, ओवी? सोळात एक. तुझ्या बाबांच्या ऑफिसातल्या पोरांना विचार, किती लाल व्हायचं त्यांचं." तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. "साखळी? माझ्या नकाशात तर रस्ता सरळ जातो."

"बाबा फाउंड इट ऑन द नेट," ओवी म्हणाली.

मंजुषाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि त्या उजळण्यात असं काही होतं की हेमचंद्रला मान फिरवावीशी वाटली. "तुम्ही नेटवर बसलात? माझ्या किनाऱ्यासाठी?" ती म्हणाली. "मी म्हणायची, हा माणूस मी नेईन तिकडे येईल, पण मनातून काही नाही. वाऱ्याची दिशासुद्धा शोधलीत हो तुम्ही." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाजीच्या पिशवीचे लाल वळ तिच्या बोटांवर अजून होते. ती कधी असा हात ठेवत नसे, निदान ओवीसमोर नाही. तो हात हलका होता आणि हेमचंद्रला त्याचं वजन सहन होईना. सहा वर्षं खोटं बोलणं त्याला जमलं होतं. खोट्याबद्दल शाबासकी घेणं त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"नेटवर नाही," तो म्हणाला. "मी गेलो होतो."

"कुठे?"

"तिथे. सत्त्याण्णवला. काम शुक्रवारीच संपलं होतं. पुन्हा टेस्ट वगैरे काही नव्हती. शनिवार, रविवार, सोमवार. एकटा."

खांद्यावरचा हात निघाला नाही. तो तिथेच राहिला, पण त्यातली ती निघून गेली. कुराणपाठ चालू होता. ओवीने कॉफीचा मग टेबलावर ठेवला, तो कागदाच्या कडेवर, आणि पटकन उचलला.

"आय थिंक आय शुड..." ओवी उठू लागली.

"बस," मंजुषा म्हणाली. तिने हात काढला, पिशव्या उचलल्या आणि स्वयंपाकघरात गेली. भेंडी, कोथिंबीर, दुधी, एकेक वस्तू फ्रिजमध्ये जाताना ऐकू येत होती. फ्रिजचं दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. नळ सुटला, भांडं भरलं. हेमचंद्र त्या प्रत्येक आवाजाची वाट पाहत होता आणि प्रत्येक आवाज संपला की पुढचा येईल की नाही याची त्याला भीती वाटत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एकदम त्याला जाणवलं की ती आत कितीही वेळ राहिली तरी तिला बोलवायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

ती परत आली ती साधी पेन्सिल घेऊन. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

"बोट ठेवा," ती म्हणाली. "कुठे कुठे गेलात तिथे. क्रमाने."

त्याने बोट ठेवलं. सान होसे. तिने तिथून तिरप्या रेघा ओढायला सुरुवात केली, शाळेतली मुलं नकाशात वाळवंट दाखवतात तशा, बारीक, एकसारख्या.

"हा उपसागर?"

"शनिवार सकाळ."

"हा काळा खडक?"

"शनिवार दुपार."

"वरती? ही सोन्याची खाण?"

"रविवार. बाहेरून."

"खरं सांगा."

"दारापर्यंत. आत अंधार होता."

"दीपगृह, मिठागरं?"

"सोमवार."

रेघा चालत गेल्या. मिठागरांपर्यंत आल्यावर ती थांबली, आणि कागदाकडेच पाहत म्हणाली, "माझी आठवण आली?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. कोणीही बोललं असतं. ओवी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहत होती, जणू शब्द पुरवत होती. हेमचंद्रला मिठागरांच्या पाण्यातले ते गुलाबी पक्षी दिसले, एका पायावर, शेकड्यांनी, आणि त्या गर्दीकडे पाहत असताना शेजारी कोणाला तरी सांगायला म्हणून वळलेली आपली मान.

"सोमवारी," तो म्हणाला. "सव्वातीनला. रोहित पक्षी बघताना."

"तीन दिवसांत एकदा."

"हो."

"वेळ तरी चोख आहे," मंजुषा म्हणाली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. ती हसली की आणखी काही, हे त्याला कळलं नाही.

"आई, आर यू ओके?"

"मला हिशेब करू दे जरा." तिने पेन्सिलीचं टोक वरच्या भागाकडे नेलं, लास नेग्रासपासून आग्वा आमार्गापर्यंतचा, अजून कोरा राहिलेला किनारा. "इथे?"

"नाही. इथे नाही गेलो."

"नक्की?"

"बस नव्हती."

"बरं." तिने पेन्सिल आडवी ठेवली. "तर ऐका. हा वरचा, कोरा, तो दोघांचा. सात दिवस. आणि हा रेघांचा भाग मी बघणार. एकटी. तीन दिवस. तुम्ही आल्मेरियात राहायचं."

"मंजू, पण खिंडीतून पुढे रस्ता..."

"एक अक्षर बोलायचं नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. तिने तो सावरला. "साखळी असेल तर मला दिसेल. वारा असेल तर मला लागेल. वाळू कशी, खडक कसा, काही काही सांगायचं नाही मला. आजपासून तिथे उतरेपर्यंत. कळलं?"

"कळलं."

"तुझ्या वयाच्या मुलीही एकट्या फिरतात ना गं?" तिने ओवीला विचारलं.

"ऑल द टाइम, आई. पण तू..."

"पण मी काय? मी भूगोल शिकवलाय बावीस वर्षं."

तिने फोन जवळ ओढला आणि स्मिताला लावला. स्मिताची करामा भागात ट्रॅव्हल एजन्सी होती, महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या घरांची तिकिटं तीच काढत असे, आणि शुक्रवारीही तिचा मोबाइल चालू असे. मंजुषाने फोनचा स्पीकर लावला, कारण तिला एका हाताने कागद धरायचा होता.

"स्मिता, आल्मेरियाच्या पहिल्या तीन रात्री बदलायच्यात. दोन सिंगल कर. एक आल्मेरियात, एक सान होसेला. सान होसेची माझी."

"काकू?" स्मिताचा आवाज खोलीत भरला. "भांडण-बिंडण झालं की काय? काकांना एकटं सोडताय?"

"भांडण कसलं गं, तेहेतीस वर्षांत भांडायला सवड मिळाली तर ना."

"काका हरवतील हं."

"ते नाही हरवत," मंजुषा म्हणाली. "ते मला आजच कळलंय."

स्मिता हसली. तिच्यामागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "ओके. सान होसेला तुमची डन, तिथे एकच छोटं हॉटेल आहे आपल्या लिस्टवर. आणि आल्मेरियात काकांना कुठली रूम? ते बसस्टँडसमोरचं आहे. सी-फेसिंग घेऊ का? रोड साइडला दिवसभर बसगाड्यांचा आवाज असतो, पाहुणे कंप्लेंट करतात. सी साइड छान आहे, बाल्कनी आहे. विचारा ना त्यांना."

मंजुषाने स्वयंपाकघरातून आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते. ते केव्हा झाले, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"काय सांगू?" तिने विचारलं.

हेमचंद्रला समुद्र दिसला नाही. त्याला दुपार दिसली, एक अनोळखी रस्ता दिसला, बसमधून उतरणारी माणसं दिसली, एकामागून एक, पिशव्या, टोप्या, मुलं. आणि त्यांत ती नव्हती, पुढच्या बसमध्ये असेल, किंवा त्याच्याही पुढच्या.

"रस्त्याकडची सांग," तो म्हणाला. "सान होसेहून येणारी बस दिसेल."